पोहता येतं, मग तलावात छाती का दाटून येते?

"मॅडम, मले पोहता येते. नागपूरले होतो तेव्हा तरणतलावात वीस-वीस फेऱ्या मारत होतो. पण गावच्या तलावात छातीइतकं पाणी आलं का श्वासच अडकते. हे मनाचं आहे का हार्टचं?"

विचारणारे गृहस्थ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. गाव भंडारा जिल्ह्यातल्या साकोली-लाखांदूर पट्ट्यातलं. त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हा अनुभव लिहिते आहे, कारण समुपदेशक म्हणून हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून मला नेहमी ऐकू येतो. शिंगाड्याच्या हंगामात पाण्यात उतरावं लागणाऱ्या बाया विचारतात, डोंग्यात बसायला घाबरणारी नवी सून विचारते. पोहता येणाऱ्याने विचारलं की लोक हसतात, एवढाच फरक. गुरुजींना तर त्यांचेच विद्यार्थी हसत होते.

हार्टचं काय ते आधी पाहून घेतलं होतं. तालुक्याच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्तदाब तपासला, सगळं ठीक होतं. हा टप्पा मी कुणालाच गाळू देत नाही. दमा असेल, मिरगीचे झटके येत असतील, चालताना छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टर, मग मी, आणि पाणी सर्वांत शेवटी.

लहानपणी बुडता बुडता वाचलात का, हे मी विचारण्याआधीच गुरुजींनी सांगून टाकलं, "तसं काही झालं नाही मॅडम. किती आठवलं तरी काही सापडत नाही." त्याचीही त्यांना लाज वाटत होती. कारण नसताना घाबरणं म्हणजे नाटक, असं घरच्यांचं मत. प्रत्येक भीतीमागे एखादा प्रसंग दडलेला असतो ही समजूत सिनेमांनी पक्की केली आहे. ऑस्ट्रेलियात मेन्झीज आणि क्लार्क या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये पाण्याला घाबरणाऱ्या मुलांच्या पालकांना भीतीचं मूळ विचारलं होतं. निम्म्याहून जास्त पालक म्हणाले की मूल पाण्याशी पहिली गाठ पडली तेव्हापासूनच घाबरतं. पाण्यात वाईट अनुभव आला म्हणून, असं सांगणारे अगदी तुरळक होते. बऱ्याच पालकांनी मात्र मुलाने दुसऱ्या कुणाला पाण्यात घाबरताना पाहिल्याचं सांगितलं.

हे ऐकल्यावर गुरुजी गप्प झाले आणि मग खरी काळजी बाहेर आली. त्यांचा मुलगा तिसरीत. गावातली पोरं शाळा सुटली की तलावावर, आणि हे पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभे राहून ओरडणार, "बाहेर ये! बाहेर ये म्हणतो ना!" पोरगा आता एकटाच काठावर बसू लागला होता. "माझी भीती त्याले लागली मॅडम." बायको म्हणत होती, "सोडा ना जी, कोण म्हणते तलावात जा म्हणून?" तिचं चुकत नव्हतं. पण त्या गावात तलाव सोडून जगणं अवघडच. भंडारा-गोंदियात कोहळी समाजाच्या पूर्वजांनी धानासाठी गावोगाव तलाव बांधले. घर, शेत आणि तलाव एकमेकांना लागूनच असतात.

मी फेरीबद्दल विचारलं. एक फेरी म्हणजे किती? पंचवीस मीटर. मग? भिंतीले हात लावायचा, वळायचं. म्हणजे वीस फेऱ्या मारणारा हा माणूस कधीही पंचवीस मीटरच्या पुढे भिंतीविना पोहलेला नव्हता. दर अर्ध्या-पाऊण मिनिटाला भिंत भेटणार, खाली फरशी दिसणार, पाय टाकला तर टेकणार. तलावात यातलं काहीच नाही. त्यामुळे पोहता येतं पण जमत नाही हे ऐकून मला नवल वाटलं नाही. त्यांनी एक गोष्ट शिकली होती आणि परीक्षा दुसऱ्याच गोष्टीची चालली होती.

मला स्वतःला पोहता येत नाही. त्यामुळे पाण्यातला भाग मी माझ्याकडे ठेवलाच नाही. गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेतले एक वयस्कर ढीवर मामाजी तयार झाले. अटी दोनच होत्या: गुरुजी पाण्यात असतील तेव्हा डोंगा हाताच्या अंतरावर, आणि अंगात लाइफ जॅकेट. ट्रॅक्टरची ट्यूब चालणार नाही, ती निसटते.

मामाजींचा पहिला प्रश्न माझ्या यादीत नव्हता. "गुरुजी, उतरता कुठून?" गुरुजी पाळीच्या पायऱ्यांवरून उतरत होते, तिथे चिखल नाही म्हणून. असा तलाव पाळीकडेच सगळ्यात खोल असतो. समोरच्या बाजूला, जिथून पावसाचं पाणी येतं, तिथे तो उथळ होत जातो. पायऱ्या संपल्या की दोन पावलांत पाणी गळ्याशी. "थे जागा भेवाचीच हाय जी," मामाजी म्हणाले. तुडुमाजवळ, म्हणजे शेताला पाणी सोडतात त्या जागी, पाणी ओढतं. सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, पाणी वाहत असेल तर त्या बाजूला पोहणाऱ्यानेही जाऊ नये. आणि गाळ किंवा मुरूम काढताना जेसीबीने पाडलेले खड्डे पाणी भरल्यावर दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातून चालणारा एका पावलात डोक्याएवढ्या पाण्यात जातो.

गुरुजींच्या वहीत मी दोन रकाने पाडायला लावले ते यामुळेच. एकात, भीती जिथे खरं सांगते त्या गोष्टी: पाळीकडची खोली, तुडूम, सलंग, खड्डे, पावसाळ्यातलं पाणी, एकटं उतरणं. या गोष्टींची भीती आपल्याला घालवायची नाही. दुसऱ्या रकान्यात, भीती जिथे आरडाओरडा करते त्या: तळ दिसत नाही, कमळाचे देठ पायाला गुंडाळतात, साप असेल, पाय टेकला नाही तर मी बुडेनच. मला वाटतं, या कामातला निम्मा भाग ही वाटणीच असते. "भिऊ नको" असं सरसकट सांगणाऱ्यावर माणसाचं मन विश्वास ठेवत नाही आणि त्यात ते शहाणपणच दाखवतं.

सापाचं उत्तर सोपं होतं. मामाजींच्या जाळ्यात दर काही दिवसांनी दिवड सापडते, ती बिनविषारी, आणि तिलाच सुटायची घाई. पाळीवर शेंदूर फासलेले आसरांचे दगड आहेत. गुरुजी उतरण्याआधी तिथे हात जोडत. माझ्या व्यवसायातले काहीजण म्हणतील की हा भीतीला दिलेला टेकू आहे, तो काढायला हवा. मी काढला नाही. मामाजीही रोज हात जोडूनच जाळं टाकतात आणि त्यांना भीती वाटत नाही.

काम सुरू झालं ते धानकापणी आटोपल्यावर. पाऊस संपून पाणी निवळलेलं होतं. वेळ दुपारची ठरवली, कारण थंड पाण्यात एकदम उतरलं की कुणाचाही श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो आणि धाप लागते. ही शरीराची प्रतिक्रिया आहे, एक-दोन मिनिटांत ओसरते. पण आधीच घाबरलेला माणूस तिलाच "सुरू झालं" समजतो. म्हणून आधी हातपाय, मान, चेहरा ओला करायचा आणि सावकाश उतरायचं.

गावात दुसरा उपाय सुचवणारे होतेच. "ढकलून द्या गुरुजीले, आपोआप येते." ज्यांना असं शिकवल्यावर पोहता आलं ते पाळीवर बसून ही गोष्ट रंगवून सांगतात, ज्यांनी त्या दिवसानंतर पाण्याकडे पाठ फिरवली ते सांगायला येत नाहीत. भीती हळूहळू सैल करण्याची पद्धत शंभर वर्षं जुनी आहे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती घालवल्याचं प्रसिद्ध केलं. पोरगा आवडीचं खात असताना ससा दूर ठेवायचा आणि मग थोडा थोडा जवळ आणायचा. आम्ही तेच केलं, फक्त इथे ससा जागचा हलत नव्हता, गुरुजींनाच जवळ जावं लागत होतं.

उथळ बाजूने गुडघाभर, मग कमरेइतकं, मग छातीइतकं. प्रत्येक ठिकाणी भीतीला शून्य ते दहा असे गुण द्यायचे आणि ती उतरेपर्यंत तिथेच थांबायचं. आकडा आठवर असताना बाहेर पळालं तर मन एवढंच शिकतं की पळालो म्हणून वाचलो. उतरण्याआधी वहीत लिहायचं, "आज काय होईल असं वाटतं?" बाहेर आल्यावर त्याखाली, "काय झालं?" सवयीचे मास्तर ते, वही नेटकी होती. "छातीइतक्या पाण्यात चक्कर येऊन पडेन." खाली: "पडलो नाही. मामाजींनी मरळ दाखवली." सुरुवातीच्या पानांवर आकडे फारसे हललेच नाहीत. एकदा तर कमरेइतक्या पाण्यातून ते परत फिरले आणि पुढच्या वेळी माझ्याकडे यायचंच टाळलं. बायकोने पाठवलं म्हणून आले.

खरं वळण आलं श्वासात. मामाजींनी डोंग्यातून पाहून सांगितलं, "गुरुजी पान्यात तोंड घालते का दमच धरून बसते." तरणतलावातही हीच सवय होती, पण तिथे भिंत येईपर्यंत निभावून जायचं. श्वास आतच कोंडला की शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि गुदमरल्याची भावना मुख्यतः त्यामुळेच येते. मग माणूस डोकं वर काढून त्याच क्षणी श्वास सोडायचा आणि घ्यायचाही प्रयत्न करतो, दोन्ही अर्धवट होतं. डोकं वर म्हणजे पाय खाली. पाय खाली म्हणजे जास्त धडपड. जास्त धडपड म्हणजे आणखी धाप. आणि यात देठ पायाला लागला की गुरुजी पाय आखडून घेत. अंग उभं होई, आणि उभं अंग पाण्यात खाली जातं. त्यांना वाटे तलावाने ओढलं.

औषध साधं होतं. छातीइतक्या पाण्यात उभं राहून तोंड पाण्यात घालायचं आणि हळू बुडबुडे सोडत राहायचं. वर आलं की फक्त श्वास घ्यायचा. देठ लागला तर पाय मारायचे नाहीत, सपाट पडून हातांनी सावकाश पुढे सरकायचं. उतरण्याआधी भराभर खोल श्वास घेऊन मग बुडी मारण्याचा पोरांचा दम धरण्याचा खेळ मात्र मी साफ बंद करायला सांगितला. त्या भराभर श्वासांनी कार्बन डायऑक्साइड कमी होतो, गुदमरल्याची सूचना उशिरा मिळते आणि तोवर पाण्याखालीच शुद्ध जाऊ शकते. चांगल्या पोहणाऱ्यांचेही यात जीव गेले आहेत.

मग उताणं तरंगणं. ब्रिटनमधली आरएनएलआय ही जीवरक्षक संस्था लोकांना हेच सांगते की पाण्यात पडलात तर लगेच पोहायला लागू नका, आधी तरंगा आणि श्वास जागेवर येऊ द्या. डोकं मागे, कान पाण्यात, छातीत हवा. गुरुजींचे पाय खाली जात होते, तर मामाजी म्हणाले, "जाऊ द्या ना जी पाय. तोंड वर हाय ना?" एवढ्या वाक्याने जे झालं ते माझ्या समजावण्याने झालं नव्हतं. पाय टेकत नसताना, काही न करता, माणूस वर राहतो हे त्यांच्या पाठीला पहिल्यांदा कळलं. वहीत त्या दिवशी अंदाजाचा रकाना भरलेला आहे आणि खालचा कोरा. विचारलं तर म्हणाले, "लिहायचं राहून गेलं."

उन्हाळ्याआधी ते डोंग्याच्या सोबतीने काठाला समांतर पोहू लागले. काठाकाठाने, मधून नाही. तलाव पार करायची मी कधी घाईही केली नाही. काठाला समांतर पोहलं तर उथळ पाणी कायम एका बाजूला असतं, आणि अंतर तेवढंच होतं. भिंतीची जागा आता उताणं होण्याने घेतली होती: दम लागला की वळायचं, चार श्वास घ्यायचे, पुढे जायचं. भीतीचा आकडा शून्यावर आला का, असं लोक विचारतात. नाही. उतरताना तीन-चार असतो, थोड्या वेळाने त्यांना तो विचारावाच लागत नाही.

मुलाचं काय झालं ते सांगायला हवं. गुरुजींनी त्याला पाण्यात बोलावलं नाही, हे माझंच सांगणं होतं. तो काठावर बसून बापाला बुडबुडे सोडताना पाहायचा आणि हसायचा. मग त्यानेच जॅकेट मागितलं. आता मामाजी त्याला शिकवतात, बाप डोंग्यात बसतो, आणि ओरडणं अजून पुरतं गेलेलं नाही.

अलीकडे गुरुजींनी नवीन काढलं आहे. मालवणला चिवला किनाऱ्यावर समुद्रात पोहण्याची स्पर्धा होते, नागपूरचे त्यांचे मित्र जातात, आपणही जावं का? खारट पाण्यात तरंगणं सोपं जातं, पण लाटा, भरती-ओहोटी आणि जेलीफिश यांचा अनुभव आमच्या मामाजींनाही नाही. मी त्यांना नागपूरच्या एका प्रशिक्षकाकडे पाठवलं आहे आणि वही सोबत न्यायला सांगितली आहे.