बॉबी व्हॅलेंटाइन यांचा करार का वाढवला नाही?

आपण विचारले आहे की, संघाला विजेतेपद मिळवून देणाऱ्या परदेशी मॅनेजरचेही (म्हणजे मैदानावर संघ चालवणाऱ्या मुख्य प्रशिक्षकाचेही) भवितव्य जपानी बेसबॉलमध्ये अधांतरी का राहते, आणि त्याचा करार वाढणार की नाही हे आधी कशावरून ओळखावे. चिबा लोट्टे मरीन्सच्या बॉबी व्हॅलेंटाइन यांचा शेवटचा हंगाम मी जवळून पाहिला आहे, म्हणून त्यांच्याच आधारे उत्तर देतो.

व्हॅलेंटाइन १९९५ मध्ये पहिल्यांदा चिबाला आले आणि अनेक वर्षे मागे राहिलेला संघ त्यांनी जपानच्या दोन व्यावसायिक लीगांपैकी एक असलेल्या पॅसिफिक लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर नेला. तरीही हंगाम संपताच त्यांना नारळ मिळाला, कारण संघबांधणीचे निर्णय घेणारे क्लबचे जनरल मॅनेजर तात्सुरो हिरोओका यांच्याशी त्यांचे पटत नव्हते. २००४ मध्ये क्लबने त्यांना पुन्हा बोलावले. पुढच्याच वर्षी लोट्टेने जपान सिरीजमध्ये, म्हणजे दोन्ही लीगांच्या एकेका संघात होणाऱ्या अंतिम मालिकेत, हानशिन टायगर्सला सलग चार सामन्यांत लोळवले. धावांची बेरीज ३३ विरुद्ध ४ होती आणि हे विजेतेपद तब्बल ३१ वर्षांनी आले होते. एवढे होऊनही डिसेंबर २००८ मध्ये क्लबने जाहीर केले की, २००९ चा हंगाम त्यांचा शेवटचा असेल. कारण पैशाचे दिले गेले.

ते कारण मी अगदीच खोटे मानत नाही. जपानी क्लब बहुधा एखाद्या मोठ्या कंपनीचे असतात आणि कंपनीचे नाव संघाच्या नावातच असते. लोट्टे म्हणजे आपल्याकडे चोको पाय विकणारीच कंपनी. क्लबचा तोटा भरून काढण्यासाठी मूळ कंपनीने दिलेली रक्कम जाहिरातखर्च म्हणून धरण्यास जपानच्या कर खात्याने १९५४ मध्येच मुभा दिली. त्यामुळे मैदानावर कोण जिंकले यापेक्षा मुख्यालयाला तो खर्च परवडतो का, याला अधिक वजन येते, आणि परदेशी मॅनेजरचा घसघशीत पगार तिथे चटकन डोळ्यांत भरतो.

चाहत्यांनी मात्र हा निर्णय निमूटपणे स्वीकारला नाही. त्यांनी एक लाखाहून अधिक सह्या गोळा केल्या. उजवीकडच्या स्टँडमध्ये व्यवस्थापनाविरुद्धचे कापडी फलक झळकत होते. माझ्या शेजारचे एक वयस्कर गृहस्थ अशाच एका फलकाचे टोक धरून उभे होते. टोक्यो उपसागरावरून येणारा वारा ते सारखे दुमडून टाकी आणि ते दर वेळी न बोलता पुन्हा सरळ करीत. मुख्यालयाने आपला निर्णय बदलला नाही.

म्हणून माझा सल्ला असा की, गुणतक्त्याइतकेच क्लबच्या कार्यालयाकडे लक्ष ठेवावे. मॅनेजरला आणणारी माणसे अजून पदावर आहेत का, आणि मैदानावरचा शेवटचा शब्द खरोखर त्याचाच आहे का, हे पाहावे. १९७५ मध्ये हिरोशिमा कार्पचे जो लुट्झ पंचांशी वाद घालत असताना क्लबच्या प्रतिनिधीने स्वतः मैदानात येऊन त्यांना बाहेर जाण्यास सांगितले. आपल्या अधिकारावर ही गदा आहे असे मानून लुट्झ यांनी पद सोडले, तेव्हा हंगामाचे जेमतेम १५ सामने झाले होते. त्याच वर्षी कार्पने आपले पहिले लीग विजेतेपद जिंकले.

लोट्टेच्या बाबतीत मला सर्वांत जास्त खटकते ती घोषणेची वेळ. एक वर्ष आधीच निरोप दिलेल्या मॅनेजरच्या शब्दाला खेळाडूंमध्ये पूर्वीचे वजन राहणे कठीण असते, आणि २००९ मध्ये संघ पाचव्या क्रमांकावर घसरला. २०१० मध्ये व्हॅलेंटाइन यांचेच सहकारी राहिलेले नोरिफुमी निशिमुरा मॅनेजर झाले आणि लीगमध्ये तिसऱ्या आलेल्या लोट्टेने प्लेऑफमधून पुढे जाऊन जपान सिरीज जिंकली. त्या विजयाचा मला मनापासून आनंद झाला, पण त्या संघातील कितीतरी खेळाडू व्हॅलेंटाइन यांच्या हाताखाली घडले होते, हे त्या दिवशी सारखे आठवत राहिले.