ओटीपी खातेदाराच्याच मोबाइलवर गेला पाहिजे

म्युच्युअल फंड वितरकांच्या कार्यालयीन कामाविषयी प्रश्नोत्तरे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातल्या वितरकांकडून एकाच तऱ्हेचे प्रश्न फिरून फिरून येत आहेत : रोजचं कारकुनी काम संगणकावर सोपवायचं कसं आणि कुठवर? म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

प्रश्न : ग्राहक साडेतीनशे. विक्रेता म्हणतो, आमचं सॉफ्टवेअर घ्या, केवायसीपासून (ग्राहकाची ओळख पडताळणी) एसआयपीपर्यंत (ठरावीक हप्त्यानं गुंतवणूक) सगळं आपोआप होईल. घेऊ का? (निपाणी)

उत्तर : या भाषेवर विसंबून तरी घेऊ नका. केवायसी मान्य करण्याचं काम केआरएचं, म्हणजे केवायसीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेचं आहे. सॉफ्टवेअर फार तर तिची सद्यस्थिती दाखवेल. आधी कॅम्स आणि के-फिन या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांच्या मेलबॅक सेवेतून (मागितलेला अहवाल ई-मेलवर येतो) तुमच्या एआरएनखालचे (वितरक नोंदणी क्रमांक) फोलिओ (ग्राहकाची फंडातली खाती), व्यवहार आणि चालू एसआयपी यांचे अहवाल मागवा. ते नीट लावले की निम्मी गरज तिथेच भागते. मग विक्रेत्याला दोनच गोष्टी लेखी विचारा : ग्राहकांची माहिती कुणाच्या सर्व्हरवर राहणार, आणि सेवा बंद केली तर ती मला एक्सेलमध्ये पूर्ण परत मिळणार का? उत्तरात टाळाटाळ दिसली तर पुढे जाऊ नका. करार सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

प्रश्न : एक्सेलच्या यादीत बँक खात्यांचे क्रमांक बिघडतात. (चिक्कोडी)

उत्तर : एक्सेल खाते क्रमांकाला रक्कम समजतं. सुरुवातीची शून्यं गळतात, मोठा क्रमांक ‘ई’ घालून आखडतो आणि 15 अंकांनंतरचा प्रत्येक अंक शून्य होतो. माहिती भरण्याआधी तो कॉलम ‘टेक्स्ट’ करा. आलेली सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून उघडू नका, ‘डेटा’ मेनूतून आयात करा आणि तिथेच कॉलमचा प्रकार ठरवा. जन्मतारखाही तपासा : 5 ऑगस्टचा 8 मे होतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. एकदा शून्य झालेला अंक नंतर ‘टेक्स्ट’ केल्यानं परत येत नाही. पासबुक किंवा रद्द केलेला चेक पाहून तो क्रमांक पुन्हाच भरावा लागतो.

प्रश्न : कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवल्या तर चालेल? (शहापूर)

उत्तर : नाही. असतील ते ग्राहकासमोर फाडा.

प्रश्न : आधारवर एक स्पेलिंग, पॅनवर दुसरं. केवायसी ‘ऑन होल्ड’ आहे. प्रतिज्ञापत्र केलं की भागतं असं ऐकलं. (खानापूर)

उत्तर : चुकीचं ऐकलं. पॅन आणि आधार जोडताना दोन्हींवरचं नाव, जन्मतारीख आणि लिंग ताडून पाहिलं जातं. घरात ठेवलेलं प्रतिज्ञापत्र तिथे कामाचं नाही. आपल्याकडे हा घोळ जास्त, कारण शाळेच्या दाखल्यावर नाव-वडील-आडनाव असा मराठी क्रम असतो, दुसऱ्या कागदावर आडनावाऐवजी नुसतं आद्याक्षर, आणि आधारवरची प्रादेशिक भाषा कन्नड. देवनागरीतून इंग्रजी स्पेलिंग सॉफ्टवेअरला करू देऊ नका. पॅनवरून अक्षरन् अक्षर उतरवा. दोहोंपैकी कोणतं कागदपत्र दुरुस्त करायचं हे ग्राहकाच्या बँक खात्यावरचं नाव आणि इतर दाखले बघून, सीएशी बोलून ठरवा. ‘मार्चनंतर बघू’ म्हणू नका. ग्राहकाला पैसे लागतील तेव्हाच ही अडचण समोर उभी राहते.

प्रश्न : शेतकरी ग्राहकांकडे ई-मेल नसतो. माझा ई-मेल आणि ऑफिसचा मोबाइल टाकला की ओटीपी इथेच येतो, काम झटपट होतं. सगळेच असं करतात. (बेळगाव)

उत्तर : ‘सगळेच करतात’ म्हणून हे योग्य ठरत नाही. आजपासून बंद करा. फोलिओत गुंतवणूकदाराचा स्वतःचा संपर्क हवा. नाहीतर जोडीदार, अवलंबून असलेली मुलं किंवा आई-वडील अशा नियमात बसणाऱ्या कुटुंबीयाचा, तोही कुणाचा आहे हे फॉर्मवर घोषित करून. वितरकाला त्यात जागा नाही.

ऑनलाइन पैसे काढताना एप्रिल 2022 पासून आणि गुंतवताना एप्रिल 2023 पासून दुहेरी पडताळणी लागते. तिथला ओटीपी म्हणजे ग्राहकाची सही. ती तुमच्या टेबलावर झाली आणि उद्या ग्राहक म्हणाला, ‘मी पैसे काढायला सांगितलंच नव्हतं’, तर तुम्ही काय दाखवणार? ऑफिसातला मुलगा नोकरी सोडून गेला आणि सिम त्याच्याकडेच राहिलं, तर? त्याहून वाईट म्हणजे ग्राहक वारला तर एकत्रित खातेउतारा तुमच्याच मेलमध्ये येत राहतो, शेकडो उताऱ्यांत बुडतो, आणि बायको-मुलांना फोलिओ आहे हेच ठाऊक नसतं. वारसाला हक्काचे पैसे मागताही येत नाहीत, कारण ते आहेत हे सांगणारा कागद त्याच्या घरी कधी गेलेलाच नसतो.

दुरुस्तीला फार काही लागत नाही. मेलबॅकचा अहवाल मोबाइलच्या कॉलमवर क्रमानं लावा, मग ई-मेलच्या. तुमचे नंबर आणि एकमेकांशी नातं नसलेल्या घरांत आलेला एकच नंबर वेगळा काढा. रोज पाच घरं धरा. ग्राहकासमोर त्याच्याच फोनवरून बदल करा, किंवा बदलाचा फॉर्म त्याच्या सहीनं द्या, आणि ओटीपी त्यालाच वाचू द्या. ई-मेल नसेल तर रिकामा ठेवा आणि उतारा टपालानं मागवा. आठवणी, याद्या, छापील फॉर्म हे सगळं संगणकाकडून खुशाल करून घ्या. संमती मात्र ग्राहकाचीच. एखाद्या फोलिओबद्दल शंका असेल तर आरटीएच्या (कॅम्स किंवा के-फिनच्या) सेवा केंद्रात विचारल्याशिवाय हात लावू नका.

प्रश्न : ऊस उत्पादकांच्या एसआयपी सारख्या परत जातात. आठवणीचा मेसेज पुरेल का? (चिक्कोडी)

उत्तर : पगारदाराला पुरेल : हप्त्याच्या दोन दिवस आधी मेसेज, परत गेला तर दुसऱ्या दिवशी फोन. मासिक एसआयपीचे लागोपाठ तीन हप्ते चुकले की ती रद्द होते, आणि बँक दर वेळी दंड लावते तो वेगळाच. ऊसवाल्याच्या खात्यात मात्र बिल आल्याशिवाय पैसाच नसतो, तिथे मेसेज काय करणार? बिल आलं की एकरकमी लिक्विड फंडात (अल्प मुदतीचा, कमी जोखमीचा फंड) आणि तिथून दरमहा एसटीपी, म्हणजे ठरावीक रक्कम दुसऱ्या फंडात वळवणं, हा मार्ग अशा उत्पन्नाला जुळतो. पण ग्राहकाची जोखीम आणि त्याच्यावरचं पीककर्ज पाहिल्याशिवाय तो कुणालाही सुचवू नका.

प्रश्न : मुलांच्या नावच्या फोलिओंसाठी काही वेगळी नोंद? (खानापूर)

उत्तर : अठराव्या वाढदिवसाच्या 90 दिवस आधीची आठवण लावा. वाढदिवसाच्या दिवशी पालकांच्या सहीनं चाललेले एसआयपी, एसटीपी थांबतात आणि सज्ञान झाल्याची नोंद होईपर्यंत व्यवहार बंद राहतात. मुलाचं पॅन, केवायसी आणि स्वतःच्या नावाचं बँक खातं यांची तयारी तेवढ्या मुदतीत होते. फॉर्म फंड घराप्रमाणे बदलतो, तो त्यांच्याकडूनच मागवा.