मुलगी सहा वर्षांची आहे, चालते, बोलते, पण उजवा हात चालत नाही. शाळा म्हणते विशेष शाळेत घाला. काय करावं?

साध्याच शाळेत घाला. चालते, बोलते, सहा वर्षांची आहे म्हणता, मग अडलं कुठे? किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार जवळची शाळा की विशेष शाळा, ही निवड तुमची. शाळेची नाही.

माझ्या मुलाचंही असंच. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हातपाय नीट न चालणं; त्याची उजवी बाजू. दुसरीत डबा रोज भरलेला परत यायचा. मी भाज्या बदलून थकले, सासूबाई म्हणाल्या लाडावलाय. एकदा मधल्या सुट्टीत गेले. पठ्ठ्या डबा गुडघ्यांत दाबून डाव्या हाताने झाकण ओढत होता. घंटा झाली, डबा तसाच दप्तरात. आमटी सांडू नये म्हणून झाकण घट्ट मीच लावायचे! आणि बाई समोरच जेवत होत्या.

त्याच बाई वहीत लाल शाईने 'अपूर्ण' लिहायच्या. डाव्याने लिहिणार, पण वही धरणार कोण? अक्षरागणिक वही बाकावर फिरायची. शेवटी ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामं जमवायला शिकवणारे तज्ज्ञ) क्लिपचं पॅड दिलं, त्याखाली ड्रॉवरमध्ये अंथरतात ती रबरी जाळी. उजवी मूठ उघडली नाही तरी मनगटाने वही दाबायची, हेही शिकवलं. तो हात मदतनीस झाला की पुष्कळ झालं. सुंदर हस्ताक्षराचा हट्ट सोडा.

आमचे थोरले दीर दर दिवाळीला सांगायचे, "डावा बांधून ठेवा, उजवा आपोआप चालेल." प्रसादाला पोराने डावा हात पुढे केला की मागे ओढायचे. चांगल्या हाताला मोजा घालून करायची थेरपी असते, नाही असं नाही. पण ती थेरपिस्टच्या देखरेखीखाली, ठरलेले तास, खेळता खेळता. वर्गात हात बांधला तर पोर लिहील कशाने, पायाने? भाऊजी, वाचत असाल तर तो आता नववीत आहे, डाव्या हाताने लिहूनच.

बोर्डाला तासामागे २० मिनिटं जादा मिळतात, लागला तर लेखनिकही. कागदपत्रं नववीतच करायला घ्या.

हे सगळं एकाच बाजूला त्रास असलेल्या मुलाचं सांगतेय. दोन्ही हात धरलेले असतील, फिट्स येत असतील, तर माझं ऐकून ठरवू नका, आधी थेरपिस्टला विचारा. डबा मात्र घ्यायच्या आधी दुकानातच एका हाताने उघडून बघा.