'लताची जागा घेतली' म्हणजे नक्की काय घेतलं?

प्रश्न असा आलाय की एका लेखात "श्रेया घोषालने लताची जागा घेतली" असं वाक्य होतं, त्यावरून घरात वाद पेटला, एकजण म्हणाला ही अतिशयोक्ती आहे, लताची जागा कोणी घेऊ शकत नाही, आणि दुसरा म्हणाला अरे तसं नाही, गाण्यातली जागा (म्हणजे शब्दावर घेतलेली सुरांची छोटीशी नजाकत) घेतली असं म्हणायचंय. तर बरोबर कोण?

व्याकरणाने बघाल तर दोघंही. 'जागा घेणे' हा प्रयोग मराठीत दोन्हीकडे चालतो (तिसरीकडेही चालतो, पण प्लॉट आणि फ्लॅटवाले आपण बाजूला ठेवू). घोळ होतो तो षष्ठीमुळे. 'लताची जागा' म्हटलं की पहिल्यांदा डोक्यात येतं ते तिचं स्थान, आणि गाण्यातली जागा म्हणायची असेल तर मागे काहीतरी टेकू लागतो, 'त्या ओळीतली लताची जागा', 'अंतऱ्यातली ती जागा' असं. अनेकवचन करून बघा, लगेच कळतं. "लताच्या सगळ्या जागा घेतल्या" हे फक्त गाण्याबद्दलच असू शकतं, कारण स्थान एकच असतं. रिअ‍ॅलिटी शोमधल्या लहान मुलांबद्दल परीक्षक हेच म्हणतात, "काय सुंदर घेतल्यास सगळ्या जागा!", तिथे कोणी कोणाला हटवत नसतं.

आता जागा म्हणजे काय हे जरा नीट बघायला हवं कारण हल्ली गळा थोडा हलला की लोक जागा म्हणून मोकळे होतात. चाल सरळ चाललेली असताना एखाद्या शब्दावर, बऱ्याचदा एखाद्या अक्षरावरच, गायक एवढीशी मुरकी (झटकन वळवलेले दोन-चार सूर), मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), खटका (सुराला दिलेला हलका झटका) असं काहीतरी घेतो आणि ऐकणारा 'आहा' करतो, ती जागा. तान, म्हणजे सुरांची लांब, वेगवान माळ, ही जागा नाही. 'कोहिनूर' (1960) मधल्या 'मधुबन में राधिका' मध्ये रफी ताना घेतो, सरगम म्हणतो, ते सगळं थोर आहे पण त्याला कोणी 'जागा' म्हणणार नाही, ते उघड उघड गाणं दाखवणं आहे. याउलट सज्जाद हुसेन यांचं 'रुस्तम सोहराब' (1963) मधलं 'ऐ दिलरुबा' ऐका, तिथे लताचा गळा शब्दाशब्दाला हलतो पण चालीतून बाहेर पडतोय असं कुठेच वाटत नाही, जागा कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते बोट ठेवून सांगता येत नाही. (आणि हो, लता, रफी हे एकेरीच. आपल्याकडे फार जवळच्या माणसाला अहोजाहो करत नाहीत, अनादर समजू नये.)

अजून एक शब्द यात मिसळला जातो, लकब. माझ्या मते जुने-नवे वादात निम्मा गोंधळ इथेच आहे. तलत महमूदच्या आवाजातला कंप, किशोरचं यॉडलिंग (आवाज झटकन वर-खाली उडवत गाणं), अरिजित सिंगचं ओळ सुरू करताना श्वास सोडत हळूच आवाज लावणं, या लकबी आहेत. जागा त्या गाण्याची असते, लकब त्या गायकाची. 'आशिकी 2' (2013) मधलं 'तुम ही हो' गाजल्यावर अनेकांनी ती श्वासाची लकब उचलली, आणि मग "हल्ली सगळे एकसारखेच गातात" ही तक्रार सुरू झाली. मुकेश, रफी, किशोर यांचीही नक्कल करणारे ढिगाने झालेच की, तक्रार नवी नाही.

रेकॉर्डिंगचा फरक मात्र खरा आहे आणि तो जागेच्या मुळाशीच जातो. पूर्वी गायक आणि वादक एकत्र, कोणी चुकलं की सगळं पहिल्यापासून, त्यामुळे जागा चालत्या गाण्यातच घ्यायला लागायची. आता एकेक ओळ चार वेळा गाऊन त्यातला बरा तुकडा जोडता येतो, ते ठीक आहे, गायचं तर गायकालाच असतं. पण 1997 साली ऑटोट्यून आलं, आणि असं सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर जरा जास्त कडक लावलं की दोन सुरांच्या मधली जी घसरण असते तीच सपाट होते. म्हणजे गायकाने घेतलेली जागा मशीनने परत घेतली! नव्या लोकांच्या गळ्यात जागा नाहीत म्हणण्याआधी त्यांना एकदा मैफलीत ऐकावं.

श्रेयाचंच बघायचं तर 'देवदास' (2002) मधल्या 'बैरी पिया' तलं ते 'इश्श'. ती जागा आहे का? काटेकोर म्हणाल तर नाही, त्यात सूरच नाही, नुसता उच्चार आहे. पण लोक 'ती इश्शची जागा' असंच म्हणतात आणि मला ते पटतं, कारण तेवढं काढलं तर ओळ बोडकी होते.

राहिलं स्थानवालं 'जागा घेणे'. त्या अर्थाने ते वाक्य मला लंगडं वाटतं, पण भक्तीमुळे नाही. एकाच आवाजाने वर्षानुवर्षं एकामागून एक नायिकांसाठी गायचं ही पद्धतच आता उरलेली नाही, आज एका सिनेमात एकाच नायिकेला तीन गायिका असू शकतात, मग घ्यायला ती जागा आहे कुठे? लेखकाला गाण्यातलीच जागा म्हणायची असेल तर "लताने घेतलेली ती जागा श्रेयाने जशीच्या तशी घेतली" असं लिहायला हवं होतं. 'लताच्या जागी' तर अजिबात नको, तो निव्वळ बदली कामगार झाला.