भैरवी होईपर्यंत उठायचं नाही

प्रिय मुली,

तुझा लांबलचक मेसेज वाचून आधी हसू आलं, मग राग आला. थिबा राजवाड्यावरच्या मैफलीतून मध्यंतराआधीच तू उठून गेलीस ते मी मागच्या रांगेतून पाहिलं होतं. वाटलं, घरून फोन आला असेल. आता कळतंय की शेजारच्या काकांनी ‘क्या बात है’ म्हटलं, ते कशाला म्हटलं हे तुला कळलं नाही, आणि आपण इथे उगाच बसलोय असं वाटून तू निघालीस. अगो, त्या काकांना मी चांगली ओळखते. त्यांनाही दर वेळी कळतं असं नाही.

आता विचारतेस, आधी गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक, प्रवेशिका देऊ का, राग ओळखता यायला लागले की मग येते. यमन आणि भूपात गोंधळ होतो म्हणे. होऊ दे. परीक्षा चांगलीच गोष्ट आहे, पण तिचा आणि खुर्चीवर बसून राहण्याचा काही संबंध नाही. मला तुला एकच सांगायचंय आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे. भैरवी, म्हणजे मैफलीचं शेवटचं गाणं, होईपर्यंत उठायचं नाही.

तू उठलीस तेव्हा काय चाललं होतं सांगते. बडा ख्याल, म्हणजे रागाची सावकाश मांडणी, विलंबित एकतालात. मात्रा बाराच, पण लय इतकी संथ की तालाच्या एका फेरीला, म्हणजे आवर्तनाला, मिनिटभर लागतं. त्या मिनिटात गायिका कुठेही भटकून येते आणि मुखडा, म्हणजे बंदिशीचे सुरुवातीचे शब्द, धरून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, उतरते. तुला राग ओळखायची गरज नाही, मुखड्याचे शब्द तेवढे ओळखून ठेव. ते पुन्हा आले की सम जवळ आली. चार-पाच आवर्तनं झाली की तुझी मान आपोआप हलेल, कोणी शिकवायला नको. पण त्यासाठी चार-पाच आवर्तनं बसावं लागतं, आणि तू तिसऱ्यालाच चपला शोधायला लागलीस.

शिवाय गळा तापायला वेळ लागतो. पहिला राग म्हणजे गाणाऱ्याची आणि ऐकणाऱ्यांची ओळख. मध्यंतरानंतर निम्मी मंडळी पांगतात, कोणाला सकाळी लवकर उठायचं असतं, कोणाला डास चावतात. उरलेली पुढे सरकून बसतात आणि गाणारा माणूस ते बघत असतो. खरं गाणं तेव्हा सुरू होतं. दुसरा राग, एखादं नाट्यपद, अभंग आणि मग भैरवी. तू जे ऐकून गेलीस आणि ‘मला नाही जमत’ म्हणालीस, ती नुसती मांडामांड होती.

तुझ्या बँकेतला तो मुलगा म्हणतो की ऐकायचं तर पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला जावं, रत्नागिरीत काय आहे. सवाईला जरूर जा. भीमसेनजींनी 1953 मध्ये गुरूच्या स्मरणार्थ सुरू केलेला उत्सव आहे, एकदा तरी तिथल्या भारतीय बैठकीवर मांडी घालून बसावं. पण तिथे मागे जागा मिळाली की गायक पडद्यावरच बघायचा. आपल्याकडे तू पाचव्या रांगेत होतीस. एवढ्या जवळून दिसतं ते बघायला शीक. जानेवारीतली रात्र, उघड्यावरचा मंच, दव पडायला लागलेलं आणि खाली समुद्र. तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, या दमट हवेत सैल पडते, सूर उतरतो. दोन बंदिशींच्या मध्ये तबलजी हातोडी घेऊन गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या वेणीसारख्या कडेवर, हलके ठोके मारत एकेक घर फिरतो, कान तंबोऱ्याकडे. लोकांना वाटतं वेळ जातोय, आणि नेमके तेव्हाच मोबाईल बाहेर निघतात. त्या वेळी ऐक. ठोका पडला की सूर किंचित चढतो, आणि एका क्षणी तबला तंबोऱ्यात मिसळून वेगळा ऐकूच येत नाही. माझ्या कानाला सूर कळायला लागला तो तिथे. मालकंस असेल तर तंबोऱ्याची पहिली तार पंचमावरून, म्हणजे ‘प’वरून, मध्यमावर, ‘म’वर उतरवतात, कारण त्या रागात पंचमच नाही. हे पुस्तकात एका ओळीत असतं. समोर बसून ऐकलं की त्या तारेसरशी मांडवाची हवा बदललेली कळते.

फोनवर ऐकतेच की, असंही तू लिहिलंयस. आपल्याच किनाऱ्यावर खाली, गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर. त्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. जेमतेम साडेतीन मिनिटांची तबकडी. परग्रहावरच्यांना तेवढ्यावर भागवावं लागेल, त्यांचा नाइलाज आहे. तुझा काय नाइलाज आहे? थिबा राजवाडा तुझ्या खोलीपासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे.

मी एवढी का चिडते ते सांगते. 1992 मध्ये गायक कुमार गंधर्व गेले, त्याच वर्षी मल्लिकार्जुन मन्सूरही गेले. दोघांनाही मी समोर बसून ऐकलं नाही. मुलं लहान होती, नोकरी होती, रात्रीच्या एसटीची भीती होती, आणि पुढच्या वर्षी नक्की जाऊ असं घरात ठरलेलं असायचं. कॅसेटी सगळ्या होत्या. त्यानंतर मैफल चुकवायची नाही हे मी जे धरून बसले ते आजपर्यंत. पुतणीच्या हळदीला मी गेले नाही, कारण त्या संध्याकाळी सावरकर नाट्यगृहात गाणं होतं. जाऊबाई अजून बोलतात. बढती आली तीही सोडली, कारण बदलीचं गाव असं होतं की तिथे गणपतीतल्या ऑर्केस्ट्रापलीकडे काही नव्हतं. सहकारी म्हणाले, वेडेपणा. पेन्शन थोडी कमी मिळते, खरं आहे. पण लग्नाला मी गेले होते हो, पहिल्या पंगतीपासून, आणि हळद काय माझ्यावाचून अडली नव्हती. हे मी जाऊबाईंनाही दर दिवाळीत सांगते.

असो. विषय तुझा आहे.

एकटी येतेस, रात्री उशीर होतो, ही तुझी अडचण मात्र खरी आहे, तिला मी हसणार नाही. पुढच्या वेळी माझ्याबरोबर ये, आमची चौघींची रिक्षा ठरलेली असते, तुला दारात सोडू. शाल आण, तिथे गारठा असतो. साडेपाचला माझ्याकडे ये, घावणे आणि चहा घेऊन निघू, म्हणजे मध्यंतरात वड्याच्या रांगेत उभं राहून जागा घालवायला नको. आवडल्याशिवाय दाद देऊ नकोस, आणि आवडलं की शेजारी कोण आहे ते बघू नकोस. कंटाळा येईल. मलाही येतो, अजून येतो, कधी कधी डुलकीही लागते. कंटाळा आला म्हणून उठायचं नसतं, तो गाण्याच्या आत असतोच आणि बऱ्याचदा एखाद्या तानेने मोडतो. नाही मोडला तरी बसायचं.

आणि जागा गायकाच्या उजव्या हाताला धर, म्हणजे तबलजीची बोटं दिसतील. चौथ्या रांगेच्या पुढे नको, तिथे फोटो काढणारे आडवे येतात.

प्रारंभिकचा फॉर्म हवा तर भर, माझी हरकत नाही. फक्त परीक्षेच्या आदल्या रात्री मैफल आली तर काय करू, हे मला विचारायला येऊ नकोस.

तुझी,
मावशी