दोन राज्यांत विभागलेल्या भागातली देवळं, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड) यांची नोंद एकत्र कशी करावी?

तुमचं गाव हद्दीवर आहे, निम्मी देवळं महाराष्ट्रात, निम्मी कर्नाटकात. पलीकडच्यांना सोबत घेऊन नोंदी करणं जमेल का, असं तुम्ही विचारलंय. मी कोल्हापूरचा, गेली सहा-सात वर्षं सुट्टीच्या दिवशी हेच करतोय. जमतं. आमच्या भागात तर दुसरा रस्ताच नाही.

शिरोळ तालुक्यातलं खिद्रापूरचं कोपेश्वराचं, म्हणजे शंकराचं, देऊळ बघा. स्वर्गमंडपाच्या गोल, उघड्या छताखाली सगळे फोटो काढतात, पण देवासमोर नंदी नाही हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. सतीला घेऊन नंदी दक्षाच्या यज्ञाला गेला, तो यडूरला आहे, असं तिथली माणसं सांगतात. यडूर चिकोडी तालुक्यात, म्हणजे कर्नाटकात. देवळात डझनभर शिलालेख. यादव राजा सिंघणाचा शके ११३६ चा तेवढा संस्कृत, बाकीचे कानडी. कानडी वाचणारं कुणी सोबत नसेल तर आपण नोंद करणार ती कशाची?

मला हे कळायला एक वीरगळ लागला. ओढ्याकाठी थोडासा गाडलेला, तेल-शेंदराने माखलेला. खाली लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. मी वहीत लिहून मोकळा झालो होतो, 'अक्षरे झिजलेली, वाचता येत नाहीत.' वर्षभराने चिकोडीकडचे एक निवृत्त कानडी शिक्षक आले. त्यांनी अंधार पडू दिला आणि बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने उजेड टाकला. पट्टीवरची अक्षरं उठून आली. बोट फिरवत गुरुजी एका शब्दावर थांबले, 'तुरु'. जुन्या कानडीत गाईगुरं. तळाशी कोरलेल्या ज्या गाई मी नक्षी म्हणून सोडून दिल्या होत्या, त्या सोडवतानाच तो माणूस धारातीर्थी पडला होता. आपल्या 'वीरगळ' शब्दातला 'गळ' म्हणजे कानडी 'कल्लु', दगड, हेही त्यांनीच सांगितलं.

म्हणून फोटो पाठवून वाचन मागवू नका. पलीकडचा माणूस पहिल्या दिवसापासून दगडासमोर असू दे. गावांच्या नावांचा घोळही आधीच मिटवा. चिकोडी आणि चिक्कोडी असं दोन तऱ्हांनी लिहिलं की एकाच दगडाच्या दोन नोंदी होतात. आम्ही प्रत्येक दगडाला नंबर देतो, अक्षांश-रेखांश घेतो, नाव दोन्ही भाषांत लिहितो, फोटोत मोजपट्टी ठेवतो. शेंदूर खरवडायचा नाही, तो दगड गावाचा देव आहे. संरक्षित वास्तूत लेखाचा कागदावर ठसा घ्यायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढा.

देऊळ मराठी की कानडी, हा वाद दगडापाशी काढायचा नाही, हे आम्ही कटाक्षाने पाळतो. सीमाप्रश्नावर आमची मतं वेगळी आहेत, चहाला बसल्यावर बोलतोही. वहीत मात्र दगडावर जे आहे तेवढंच.

आणि प्रत दोन्हीकडं ठेवा. २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातल्या आमच्या एका सोबत्याच्या घरात पाणी शिरलं, दोन वह्यांचा लगदा झाला. त्यातली एकूण एक नोंद गुरुजींच्या वहीत कानडीत होती. चार रविवार त्यांच्या ओसरीवर बसून आम्ही ती परत मराठीत उतरवून घेतली.