होडीच्या सहलीनंतर मुलगा बसमध्ये चढेना

"मॅडम, पाण्याची भीती बसली म्हणावं तर अंघोळ नीट करतोय. पण बस दिसली की मागं सरतोय. रात्री झोपेत ओरडूलालाय. काय करायचं आता?" समुपदेशनासाठी आमच्याकडे आलेली, खानापूर तालुक्यातल्या सहावीच्या मुलाची ही आई. शाळा सहा किलोमीटरवर, जाणं-येणं लाल बसनं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

डिसेंबरात शाळेची सहल कोकणात गेली होती. खाडीतल्या फेरीत होडीचं इंजिन बंद पडलं, ती वाहत जाऊन वाळूच्या पट्टीवर टेकली आणि ओहोटी लागल्यावर एका अंगाला कलली. लाइफ जॅकेटं गठ्ठ्यात बांधलेली. दुसरी होडी येईपर्यंत पाऊण तास मुलं तशीच बसून होती. सगळे सुखरूप आले, म्हणून विषय तिथंच मिटवला गेला. पण घरात चर्चा मात्र चालू. 2017 च्या एप्रिलमध्ये मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावचे 8 जण बुडाले होते, ती आठवण मुलासमोरच निघायची. आज्जी म्हणे, पाण्यातलं काहीतरी लागलंय. आज्जीनं दृष्ट काढली तर काढू द्यावी, त्यात माया असते. 'लागलंय' हा शब्द तेवढा मुलाच्या कानावर पडू देऊ नये.

अशा प्रसंगानंतर पहिले काही आठवडे वाईट स्वप्नं, चिडचिड, अंथरूण ओलं होणं हे बऱ्याच मुलांत दिसतं आणि बहुतेकांचं आपोआप कमी होतं. जेवण-झोपेच्या वेळा सांभाळाव्या, पुन्हा पुन्हा खोदून विचारू नये, तो बोलला तर मधे न तोडता ऐकावं. महिना उलटूनही त्रास तसाच राहिला तर मात्र थांबू नये. इथे पाच आठवडे झाले होते.

आम्ही त्याला 'काय झालं ते सगळं सांग' असं म्हटलं नाही. भीती अंगात आधी कुठं कळते, एवढंच विचारलं. तो म्हणाला, "वास आला की पोटात." डिझेलचा वास आणि पायाखाली थरथरणारी फळी! बसमध्ये दोन्ही असतं. घरचे पाण्यावर लक्ष ठेवून होते आणि मूळ भलतीकडेच होतं.

दुसऱ्या भेटीत खरी गाठ सुटली. होडी कलण्याच्या क्षणभर आधी यानं पाणकावळा दाखवायला मित्रांना आपल्या बाजूला बोलावलं होतं. "माझ्यामुळं कलली." पाच आठवडे हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं. 'तुझी काय चूक' असं नुसतं म्हणून हे ओझं उतरत नाही. म्हणून घमेल्यात पाणी घेतलं, तळाशी मधोमध एक दगड ठेवला, वर श्रीखंडाचा रिकामा डबा तरंगत सोडला, त्यात चार-पाच खडे. मग त्यालाच तांब्यानं पाणी काढायला लावलं. पाणी उतरलं, डबा दगडावर टेकला आणि खडे जागचे न हलता एका बाजूला कलला. त्यानं पाणी परत ओतलं, परत काढलं. चौथ्या वेळी म्हणाला, "कुणी हललं नाही तरी कलतंय की." माणसं एकीकडे गेली तर होडी कलू शकते, हेही त्याला खरं सांगितलं. पण बसायचं कसं हे आधी सांगणं आणि जॅकेट घालायला लावणं हे नाविकाचं आणि शिक्षकांचं काम, सहावीतल्या मुलाचं नाही.

मग बसची भीती टप्प्याटप्प्यानं घालवायच्या पायऱ्या ठरवल्या. इंजिन बंद असलेल्या बसजवळ उभं राहणं, इंजिन चालू असताना दाराशी थांबणं, उभ्या बसमध्ये बसणं, एक थांबा जाणं, मग शाळा. प्रत्येक वेळी भीतीला 0 ते 10 आकडा द्यायचा आणि आकडा साधारण निम्म्यावर येईपर्यंत तिथंच थांबायचं. भीती शिगेला असताना उतरलं, तर उतरल्यानं सुटलो एवढंच मन शिकतं. आकडा 3 च्या आत आला की पुढची पायरी. हातात मोबाईल द्यायचा नाही, कारण लक्ष दुसरीकडे राहिलं तर भीती ओसरलेली त्याला कळत नाही.

चूक झालीच. तिसऱ्या दिवशी वडिलांनी "काही होत नाही" म्हणत त्याला थेट खानापूरला नेलं. त्याला उलटी झाली आणि दोन पायऱ्या मागं यावं लागलं. वडिलांना मुलाला लवकर बरं करायचं होतं, त्यांना आम्ही दोष देत नाही. पण पुढची पायरी कधी, हे मुलानंच ठरवायचं.

चौथ्या आठवड्यात तो एकटा शाळेला गेला. नदीच्या घाटावर घोटाभर पाण्यात उभं राहणं त्यानंतर, आणि ते अवघड गेलं नाही.

मूल जेवायचं सोडतं, मरण्याची भाषा करतं, असं दिसलं तर त्याच दिवशी मदत घ्या. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा मोफत क्रमांक आहे, तिथे भाषा निवडता येते.

आईचा शेवटचा प्रश्न पुढच्या वर्षीच्या सहलीचा होता. त्यालाच विचारा, असं सांगितलं. होडीला तो नको म्हणाला तर चालेल. हो म्हणाला, तर चढण्याआधी प्रत्येक मुलाच्या अंगात जॅकेट आहे का, पट्टे आवळल्यावर खांद्यांना धरून वर ओढलं तर ते सैल होऊन हनुवटीपर्यंत सरकत नाही ना, हे कोण बघणार आहे, ते शाळेला विचारून मगच सही करा.